कॅनडाच्या विद्यापीठाचा प्रेसिडेंट म्हणजे नक्की कोण?

ऑफर लेटरच्या तळाशी सही असते रजिस्ट्रारची किंवा प्रवेश विभागाच्या प्रमुखाची. विद्यापीठाच्या प्रेसिडेंटची सही तिथे नसते, आणि ती का नसते हे कळलं की कॅनडातल्या विद्यापीठाचा निम्मा कारभार कळतो. प्रेसिडेंट हा संस्थेचा मुख्य अधिकारी खरा, पण कोणाला प्रवेश द्यायचा, कोणाला किती गुण द्यायचे, प्राध्यापकाने वर्गात काय शिकवायचं, हे तो ठरवत नाही. मग तो करतो काय? हे समजून घ्यायला एक कारकीर्द फार उपयोगी पडते, ती डेव्हिड जॉन्स्टन यांची. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचे ते पंधरा वर्षं प्रमुख होते, ऑन्टारियोतल्या वॉटर्लू विद्यापीठाचे अकरा वर्षं, आणि तिथून ते थेट देशाचे गव्हर्नर जनरल, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेचे कॅनडातले प्रतिनिधी, झाले.

आधी पदांच्या नावांचा गुंता सोडवू. महाराष्ट्रात सार्वजनिक विद्यापीठाचे कुलपती म्हणजे चान्सलर हे राज्यपाल असतात आणि रोजचा कारभार कुलगुरू म्हणजे व्हाइस-चान्सलर पाहतात. कॅनडातही चान्सलर असतो, पण तो शोभेचा. दीक्षान्त समारंभात पदव्या देणं, देणगीदारांना भेटणं, विद्यापीठाचं नाव मिरवणं, एवढंच त्याचं काम. कारभार चालवतो तो प्रेसिडेंट. बऱ्याच ठिकाणी त्याच्या पदनामात ‘व्हाइस-चान्सलर’ हे शब्दही असतात. मॅकगिलमध्ये तर ‘प्रिन्सिपल आणि व्हाइस-चान्सलर’ असं जुनं स्कॉटिश वळणाचं नाव अगदी अलीकडेपर्यंत चालत होतं. म्हणजे आपला कुलगुरू आणि त्यांचा प्रेसिडेंट हे एकाच घराण्यातले.

दुसरा गुंता ‘सिनेट’ या शब्दाचा. आपल्याकडे सिनेट म्हणजे अधिसभा: पदवीधरांचे, संस्थाचालकांचे, प्राध्यापकांचे प्रतिनिधी, त्यांच्या निवडणुका, अर्थसंकल्पावरची भाषणं. कॅनडातलं सिनेट हे आपल्या विद्यापरिषदेच्या जवळचं. अभ्यासक्रम, परीक्षांचे नियम, पदव्या, प्रवेशाचे निकष हे सगळं तिथे ठरतं आणि तिथे प्राध्यापकांचं वजन जास्त असतं, जोडीला विद्यार्थ्यांचेही प्रतिनिधी असतात. पैसा, जमीन, इमारती, कर्ज आणि प्रेसिडेंटची नेमणूक हे दुसऱ्या सभागृहाकडे, म्हणजे बोर्ड ऑफ गव्हर्नर्सकडे. बोर्डावर उद्योजक, वकील, माजी विद्यार्थी, सरकारने नेमलेले सदस्य असे बाहेरचे लोक बहुमतात असतात.

आता गंमत पाहा. बहुतेक विद्यापीठांत सिनेटचं अध्यक्षस्थान प्रेसिडेंटकडे असतं, पण बोर्डाचं अध्यक्षस्थान बाहेरच्या व्यक्तीकडे. एका सभागृहात तो खुर्चीवर बसतो, दुसऱ्यात त्याच्या कामाचा हिशेब घेतला जातो. प्राध्यापकांचं म्हणणं बोर्डाला कळेल अशा भाषेत सांगायचं आणि तिजोरीची अवस्था प्राध्यापकांना पटेल अशा भाषेत मांडायची, हेच त्याचं मूळ काम. बाकीचं सगळं त्याभोवती येतं. (टोरांटो विद्यापीठ याला अपवाद आहे. तिथे १९७२ पासून दोन्हींच्या जागी ५० सदस्यांची एकच गव्हर्निंग कौन्सिल आहे.)

ही दुहेरी रचना आली कुठून? गंमत अशी की ती टोरांटोतूनच आली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या प्राध्यापकांच्या नेमणुका थेट प्रांतिक सरकार करत असे, आणि वशिल्याच्या तक्रारी कायमच्या. १८९५ मध्ये विल्यम डेल या लॅटिनच्या प्राध्यापकांनी वर्तमानपत्रात कारभारावर टीका करणारं पत्र लिहिलं, त्यांना काढून टाकण्यात आलं आणि विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार घातला. पुढे पंतप्रधान झालेले मॅकेन्झी किंग त्या संपाच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. अखेर जोसेफ फ्लावेल यांच्या आयोगाच्या शिफारशींवरून १९०६ चा कायदा झाला. सरकार आणि प्राध्यापक यांच्यामध्ये बोर्ड आलं, शैक्षणिक बाबी सिनेटकडे राहिल्या, आणि दोन्हींना जोडणारा प्रेसिडेंट बळकट झाला. १९०७ मध्ये रॉबर्ट फाल्कनर त्या पदावर आले ते १९३२ पर्यंत राहिले. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटल्यावर तीन जर्मन प्राध्यापकांना हाकला असा बोर्डातल्या काहींचा हट्ट होता. फाल्कनर आडवे उभे राहिले. तोडगा निघाला तो पगारी रजेचा. त्या तिघांना परत येता आलं नाही, म्हणजे विजय अर्धाच होता. पण बोर्डाचा राग आणि प्राध्यापकाचं स्वातंत्र्य यांच्या मधल्या अंगणात प्रेसिडेंटने उभं राहायचं असतं, हे तिथे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

तिथवर पोचण्याची वाट

जॉन्स्टन यांचा जन्म १९४१ चा, ऑन्टारियोच्या उत्तरेला सडबरीमधला. खाणींचा मुलूख. हार्वर्डमध्ये शिकताना ते आइस हॉकीचे नावाजलेले खेळाडू होते. १९६३ मध्ये तिथली पदवी, मग केंब्रिजला कायदा, मग किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात कॅनडाचा कायदा. १९६६ मध्ये क्वीन्समध्येच शिकवायला लागले, १९६८ मध्ये टोरांटोला गेले. विषय होता शेअर बाजाराचं नियमन. १९७४ मध्ये वेस्टर्न ऑन्टारियो विद्यापीठात कायदा शाखेचे डीन झाले आणि १९७९ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, मॅकगिलचे प्रिन्सिपल.

ही शिडी नीट पाहण्यासारखी आहे, कारण आजही बहुतेक प्रेसिडेंट तिच्यावरूनच चढतात: प्राध्यापक, विभागप्रमुख किंवा थेट डीन, मग बहुतेक वेळा प्रोव्होस्ट, मग प्रेसिडेंट. प्रोव्होस्ट हा शब्द आपल्याला अनोळखी आहे, पण विद्यापीठाच्या आतल्या माणसांसाठी तोच रोजचा धनी. कोणत्या शाखेला किती पैसे, किती नव्या जागा, कोणता अभ्यासक्रम बंद करायचा, या फाइली त्याच्या टेबलावरून जातात. प्रेसिडेंट बाहेर तोंड करून उभा असतो आणि प्रोव्होस्ट आत. जॉन्स्टन प्रोव्होस्टची पायरी न चढता डीनपदावरून थेट वर गेले. आजच्या मोठ्या विद्यापीठांत ते अवघड आहे, कारण निवड समितीला मोठा अर्थसंकल्प सांभाळल्याचा अनुभव हवा असतो.

निवड होते ती अशी. मुदत संपण्याच्या वर्षभर आधी बोर्ड एक समिती नेमतं. त्यात बोर्डाचे, सिनेटचे, प्राध्यापकांचे, कर्मचाऱ्यांचे आणि विद्यार्थ्यांचे लोक असतात. उमेदवार हुडकून देणारी एक खासगी संस्था पगारी कामाला लावली जाते. विद्यापीठाला पुढची पाच वर्षं कसा माणूस हवा आहे, यावर बैठका होतात आणि त्यातून अपेक्षांचं टिपण तयार होतं. मग लांब यादी, छोटी यादी, मुलाखती, आणि बोर्डापुढे शेवटी एकच नाव. उमेदवारांची नावं बहुधा गुप्त ठेवतात, कारण दुसऱ्या विद्यापीठाचा चालू प्रेसिडेंट उघडपणे अर्ज करायला धजत नाही. प्राध्यापक संघटनांचा याला जुना विरोध आहे. ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याला नेमणुकीआधी प्रश्न विचारता आले पाहिजेत, हे त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. अंधारात निवडलेल्या माणसाला पहिलं वर्ष ओळख करून देण्यातच घालवावं लागतं.

मॅकगिल: पैसा दुसऱ्याच्या हातात

जॉन्स्टन मॅकगिलला आले तेव्हा क्वेबेक प्रांत पेटलेला होता. १९७७ मध्ये प्रांताची अधिकृत भाषा म्हणून फ्रेंचचं स्थान आणखी पक्कं करणारा कायदा झालेला, इंग्रजी बोलणारी कुटुंबं टोरांटोकडे निघालेली, आणि १९८० मध्ये प्रांताच्या सार्वभौमत्वावर सार्वमत. मॅकगिल हे इंग्रजी विद्यापीठ. पण पैसा यायचा क्वेबेक सरकारकडून, कारण कॅनडात शिक्षण हा प्रांतांचा विषय आहे. ओटावातलं केंद्र सरकार संशोधनाला पैसे देतं, विद्यार्थी व्हिसा देतं, पण विद्यापीठाचा रोजचा संसार प्रांताच्या अनुदानावर आणि शुल्कावर चालतो. शुल्क ठरवायची मोकळीकही प्रेसिडेंटला नसते. क्वेबेकमधलं शुल्क वर्षाला साधारण ५४० डॉलरवर १९९० पर्यंत गोठलेलं होतं. मग ते वाढायला लागलं आणि १९९४ पर्यंत १,६६८ च्या घरात गेलं. म्हणजे जॉन्स्टन यांच्या पंधरांपैकी पहिली अकरा वर्षं उत्पन्नाचा तो नळ बंदच होता.

अशा वेळी प्रेसिडेंटकडे उरतं काय? प्रांताच्या राजधानीत जाऊन अनुदानाचं सूत्र बदलण्यासाठी घासाघीस करणं, आणि देणग्या. देणगीचा हिशेब आपल्याकडे नेहमी चुकीचा समजला जातो, म्हणून तो सांगतो. कोणी एक कोटी डॉलर दिले की विद्यापीठाला खर्चायला एक कोटी मिळाले असं होत नाही. मोठ्या देणग्या बहुधा कायम निधीत जातात. मुद्दल गुंतवलेलं राहतं आणि दरवर्षी त्यातले साधारण चार टक्के वापरायला मिळतात, म्हणजे चार लाख. त्यावरही देणगीदाराची अट असते: अमुक विषयाची शिष्यवृत्ती, तमुक नावाची प्राध्यापकाची जागा. गळणारं छत आणि वाढलेलं वीजबिल यांसाठी कोणी देणगी देत नाही. चालू खर्चातला दोन-तृतीयांशाहून मोठा हिस्सा पगारांत जातो, आणि कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला प्रेसिडेंट काढू शकत नाही. हे सगळं जमेस धरलं की त्याच्या मर्जीने हलवता येईल अशी रक्कम फार थोडी उरते.

त्याच काळात बोर्डाची ताकद कशात असते तेही दिसलं. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांतली गुंतवणूक काढून घ्या, अशी विद्यार्थ्यांची मागणी होती. नोव्हेंबर १९८५ मध्ये मॅकगिलच्या बोर्डाने ती मान्य केली. असा निर्णय घेणारं कॅनडातलं ते पहिलं विद्यापीठ. निधी कुठे गुंतवायचा हे बोर्ड ठरवतं, आणि अशा प्रश्नावर मोर्चाची घोषणा आणि ठरावाचा मसुदा यांच्यामधला रस्ता प्रेसिडेंटच्या कार्यालयातून जातो.

१९९४ मध्ये मुदत संपल्यावर जॉन्स्टन मॅकगिलमध्येच कायदा शिकवू लागले. आपल्याकडे हे ऐकून नवल वाटतं. तिकडे ते नेहमीचं आहे, कारण प्रेसिडेंटच्या नेमणुकीबरोबर बहुधा प्राध्यापकाची कायम जागाही करारात असते.

वॉटर्लू: जिथे संशोधकाचा शोध संशोधकाचाच

१९९९ मध्ये ते वॉटर्लूला प्रेसिडेंट झाले. हे विद्यापीठ १९५७ चं, आणि त्याचा कणा म्हणजे को-ऑप पद्धत. चार महिने वर्ग, चार महिने पगारी नोकरी, पुन्हा वर्ग. अभियांत्रिकीची पदवी त्यामुळे पाच वर्षांना थोडी कमी अशी लांबते, पण विद्यार्थी सहा नोकऱ्यांपर्यंतचा अनुभव घेऊन बाहेर पडतो. दुसरं वेगळेपण म्हणजे इथे संशोधनातून निघालेल्या शोधाची मालकी शोधणाऱ्याकडे राहते. अनेक विद्यापीठं त्यात वाटा मागतात. वॉटर्लू मागत नाही, म्हणून भोवती कंपन्या उगवल्या.

ब्लॅकबेरी फोन बनवणारी कंपनी त्यांतलीच. तिचे संस्थापक माइक लझारिडिस यांनी वॉटर्लूतलं शिक्षण पदवी हातात येण्याच्या थोडं आधी सोडलं होतं. २००३ ते २००९ या काळात तेच विद्यापीठाचे चान्सलर होते. शोभेचं पद असं मी वर म्हटलं, पण चान्सलरच्या खुर्चीवर असा माणूस बसला की प्रेसिडेंटचे हात बळकट होतात. २००२ मध्ये क्वांटम संगणनाची संस्था उभी राहिली, तिला लझारिडिस दांपत्याने मोठी देणगी दिली आणि सरकारांनीही पैसे घातले. खासगी पैसा आधी दाखवायचा आणि त्याच्या जोरावर प्रांत आणि केंद्राकडून तेवढाच मागायचा, ही कॅनडातल्या प्रेसिडेंटची हातखंडा रीत. त्या संस्थेची मोठी इमारत खुली झाली सप्टेंबर २०१२ मध्ये. तोवर जॉन्स्टन यांना वॉटर्लू सोडून दोन वर्षं झाली होती. प्रेसिडेंटने लावलेल्या झाडाची फळं बहुधा पुढच्याच्या काळात लागतात, आणि त्याने काढलेलं कर्जही पुढच्यालाच फेडावं लागतं.

सगळंच साधलं असं नाही. दुबईत २००९ मध्ये वॉटर्लूने शाखा काढली. पुरेसे विद्यार्थी आले नाहीत आणि २०१२ मध्ये ती बंद करायचा निर्णय झाला. परदेशातल्या शाखांची गफलत नेहमी इथेच होते: इमारत आणि परवाना भागीदार देतो, पण तेवढं शुल्क देऊन येणारे विद्यार्थी मोजताना अंदाज फुगलेला असतो.

घडी कुठे विस्कटते

पगारापासून सुरुवात करू, कारण लोकांचं लक्ष तिथेच असतं. ऑन्टारियोत १९९६ पासून कायदा आहे की सार्वजनिक पैशातून वर्षाला एक लाख डॉलर किंवा जास्त मिळवणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि रक्कम दरवर्षी मार्चअखेर जाहीर व्हायची. २०१५ च्या यादीत वेस्टर्न विद्यापीठाचे प्रेसिडेंट अमित चकमा यांच्या नावापुढे २०१४ सालचे ९,२४,००० डॉलर दिसले, म्हणजे जवळपास दुप्पट पगार. चोरी नव्हती. करारातच कलम होतं. पाच वर्षांची मुदत संपल्यावर प्रेसिडेंटला एक वर्षाची पगारी रजा मिळते, म्हणजे त्याने पुन्हा संशोधनात रुळावं. चकमा यांची दुसरी मुदत लगेच सुरू झाली, त्यांनी रजेऐवजी रोख रक्कम घेतली, आणि बोर्डाने तसं मान्य केलेलं होतं. पण त्याच वेळी शाखांना काटकसर सांगितली जात होती. सिनेटमध्ये अविश्वासाचा ठराव आला. तो फेटाळला गेला, पण त्याआधीच चकमा यांनी ४,४०,००० डॉलर परत केले होते. कलम कायदेशीर असणं आणि ते सिनेटपुढे मांडता येणं, या दोन वेगळ्या कसोट्या आहेत.

दुसरा प्रकार बोर्डाशी फाटण्याचा. अरविंद गुप्ता २०१४ च्या जुलैत ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे प्रेसिडेंट झाले आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये, तेराच महिन्यांत, त्यांनी राजीनामा दिला. करारातल्या गोपनीयतेमुळे कारण सांगितलं गेलं नाही. पुढे २०१६ च्या जानेवारीत काही कागदपत्रं चुकून बाहेर आली, तेव्हा बोर्डाच्या अध्यक्षांनी त्यांच्या कामावर आणि वरिष्ठ सहकाऱ्यांशी असलेल्या संबंधांवर टीका केल्याचं दिसलं. दोनच महिन्यांनी प्राध्यापक संघटनेने अविश्वास दाखवला तो बोर्डावर. एवढ्या मोठ्या संस्थेचा प्रमुख का गेला हे तिथल्या प्राध्यापकांना विचारूनही कळू नये, ही गोष्ट मला गंभीर वाटते.

तिसरा प्रकार सगळ्यात दुखरा, आणि तो जॉन्स्टन यांच्या जन्मगावातला. सडबरीच्या लॉरेन्शियन विद्यापीठाने १ फेब्रुवारी २०२१ रोजी धनकोंपासून संरक्षण मागायला न्यायालय गाठलं. तो कायदा मुळात बुडत्या कंपन्यांसाठी होता. सरकारी पैशावर चालणारं विद्यापीठ कॅनडात त्याआधी कधी तिथवर गेलं नव्हतं. एप्रिलमध्ये ६९ अभ्यासक्रम एका फटक्यात बंद झाले आणि शंभराहून जास्त प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. कारण शोधताना प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी बोट ठेवलं ते नीट विचार न करता कर्ज काढून केलेल्या बांधकामांवर. त्याहून वाईट म्हणजे संशोधनासाठी आलेलं अनुदान आणि विशिष्ट कामासाठी दिलेल्या देणग्या वेगळ्या न ठेवता चालू खात्यातच मिसळल्या जात होत्या. खात्यात रोकड दिसायची, पण ती दुसऱ्याची होती. अशा संकटासाठी कामगार करारात ‘आर्थिक निकड’ नावाचं कलम असतं. त्यात हिशेबाच्या वह्या उघड कराव्या लागतात आणि प्राध्यापकांबरोबर बसून कपात ठरवावी लागते. ते न करता न्यायालयाची वाट धरली गेली, म्हणजे सिनेट आणि प्राध्यापकांना कळलं ते घर पेटल्यावर.

आता आपल्या मुलांशी याचा संबंध कुठे येतो ते. ऑन्टारियोने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांचं शुल्क दहा टक्के कमी करून तिथेच गोठवलं. अनुदानही रेंगाळलं. उरलेली वाट होती परदेशी विद्यार्थ्यांचं शुल्क, जे कितीतरी पटींनी जास्त असतं. पुण्या-मुंबईहून जाणारा विद्यार्थी ती तूट भरून काढत असतो. मग जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, त्या वर्षी सुमारे ३,६०,००० परवाने, आधीच्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. शुल्क ठरवतो प्रांत, परवाना देतं केंद्र, आणि तूट भरायची प्रेसिडेंटने. म्हणून विद्यापीठ निवडताना क्रमवारीच्या आकड्याबरोबर तिथल्या बोर्डाची इतिवृत्तं आणि लेखापरीक्षित हिशेब वाचा. ते संकेतस्थळावर असतात. दोन-तीन वर्षं सलग तूट, वाढतं कर्ज आणि परदेशी शुल्कावर वाढतं अवलंबन दिसलं, तर निवडलेला अभ्यासक्रम पदवी मिळेपर्यंत चालू राहील का हे विभागाला लेखी विचारा. आणि तक्रार असेल तर प्रेसिडेंटला ईमेल करून आठवडे घालवू नका. आधी विभाग, मग डीनचं कार्यालय, मग बहुतेक ठिकाणी असलेला ओम्बुड्सपर्सन, म्हणजे विद्यापीठाच्या यंत्रणेबाहेर राहून ऐकून घेणारा अधिकारी. प्रेसिडेंटला आलेलं पत्र शेवटी फिरून तिथेच येतं.

जॉन्स्टन १ ऑक्टोबर २०१० रोजी गव्हर्नर जनरल झाले आणि २०१७ पर्यंत राहिले. ते पदही चमत्कारिकपणे ओळखीचं: मान मोठा, हुकूम थोडे, आणि सगळ्यांचा विश्वास हेच भांडवल. मार्च २०२३ मध्ये, निवडणुकांतल्या परकीय हस्तक्षेपाची तपासणी करायला पंतप्रधान ट्रूडो यांनी त्यांना विशेष प्रतिवेदक नेमलं. ट्रूडो कुटुंबाशी त्यांची जुनी ओळख आहे, असा विरोधी पक्षांचा आक्षेप होता. मे महिन्यात त्यांनी जाहीर चौकशीची गरज नाही असा अहवाल दिला, संसदेने त्यांनी बाजूला व्हावं असा ठराव केला, आणि ९ जूनला त्यांनी राजीनामा पाठवला. ठराव बंधनकारक नव्हता.